रेस दे

आमच्या जालन्यात ॲक्सिलरेटरला कुणी ॲक्सिलरेटर म्हणत नाही.
रेस म्हणतात.
रेस दे, रेस सोड, किती रेस खाती ही गाडी.
कौसर आपाच्या ड्रायव्हिंग स्कूलात
पहिल्या दिवशी मी हेच शिकले,
आणि सतराव्या दिवशी मंठा चौफुलीवर गाडी बंद पाडून
ट्रकांच्या भोंग्यांत
शिकणंच सोडलं.

म्हणून शर्यतीत मी डावीकडं.
मांडीवर वही, वहीत वळणं, आपाच्या अक्षरात:
बाभळीपासून उजवं, आवळून.
पुढं दोनशे मीटर सरळ.
पाझर तलावाची भिंत. इंदू, डोळे झाकू नको.

हौशी लोकांची शर्यत.
पेट्रोल ज्याचं त्यानं, भजे क्लबचे.
बावीस गाड्या, अंबडच्या पुढं गायरानातून
मुरमाची वाट, अठ्ठेचाळीस किलोमीटर.
कुणाची जिप्सी, कुणाची मामाला न सांगता आणलेली बोलेरो.
आमची स्कूलचीच जुनी झेन.
दारावरचा लाल एल खरवडला होता,
तरी उन्हात उमटायचा.

एकतिसाव्या किलोमीटरला, कोरड्या ओढ्यातून वर चढताना,
तट्.
इंजिन चालू, गाडी उभी.
आपाचा पाय आपटला फळीवर,
नसलेल्या पायरीवर पडतो तसा.

सुतळी बांधली. घसरली.
माझ्या ओढणीचा काठ फाडला. तो नुसताच ताणला गेला.
जिप्सीवाल्यानं हात केला,
मदतीचा नव्हे, टाटाचा,
आणि त्याची धूळ आमच्या उघड्या बॉनेटात
निवांत बसली.

शर्यत बघायला आलेला एक पोरगा,
सायकल त्याच्याहून उंच,
बराच वेळ वाकून बघत होता.
मग काही न विचारता सायकल उलटी केली,
मागच्या ब्रेकची तार सोडवायला लागला.
"पुढचा लागतो का?" आपानं विचारलं.
"तो तर दिवाळीपासून नाही."
"मग थांबशील कसा रे?"
त्यानं चप्पल दाखवली. टाच झिजून कागद झालेली.

तर ब्रेकची तार रेसला लागली.
कार्बुरेटरपासून बॉनेटच्या फटीतून,
माझ्या खिडकीतून आत,
टोक पान्याला गुंडाळलेलं,
पाना माझ्या मुठीत.
स्टिअरिंग, क्लच, गिअर तिचे.
रेस माझी.

वही पायाशी पडली. उचलायला हात कुठं होता?
वळणं आता तीच पाठ म्हणत होती:
"दे. दे. सोड. अर्धी दे.
या अल्ला, अर्धी म्हणाले मी!"
गाडी खोकली, उसळली,
एका होल्याच्या जोडीला उठवून
परत रस्त्यावर आली.

तलावाची भिंत.
डावीकडं भेगाळलेला तळ, उजवीकडं काहीच नाही.
डोळे उघडे ठेवले. शौर्य वगैरे नव्हतं,
झाकले असते तर मूठ आवळली गेली असती.
भिंत संपते तिथं वळण आहे.
तार आधीच सैल झाली,
वळणाच्या पोटात पुन्हा ताणली गेली,
कुणी सांगितलं नव्हतं.
आपा माझ्या शेजारी बसून
पहिल्यांदाच गप्प.

सतरावा नंबर.
आमच्या मागं पाच, त्यातली बोलेरो
दगडावर ऑइल सांडून, मामाला फोन लावत.
भजे गार.

अंबडमधून नवी तार घेऊन परत गेलो.
पोरगा ओढ्यापाशीच होता.
नवी बसवली, दाबून पाहिली,
आणि हात पुढं केला.
"ती बी द्या."
"ती वाकडी झालीय रे."
"मग? रेसमधली हाय ती."

सोमवारी बियाणं कंपनीत
ओल्या कागदावर सरकीचे शंभर दाणे,
उगवले किती ते मोजायचं.
एकोणसत्तर, सत्तर,
तर्जनीवर तारेचा काळा वळ,
साबणानं न गेलेला.
एकाहत्तराव्या कोंबापाशी
बोट आपोआप वाकलं, अर्धंच,
आणि मोजणी चुकली.
पुन्हा एकपासून.